मनाच्या आजारात धम्माचे स्थान

(धम्मवर्गासाठी अभ्यासपाठ)



आपल्या वस्तीत कुणाचा पाय मोडला, तर त्याला कुणी लपवून ठेवीत नाही. चारजण धावून येतात, त्याला दवाखान्यात नेतात, महिनाभर शेजारीपाजारी विचारपूस करतात. पण त्याच घरातील तरुण मुलगा जेवेनासा झाला, रात्ररात्र जागू लागला, कोपऱ्यात बसून एकटाच बोलू लागला, की दार लोटून घेतले जाते. मग कुजबूज सुरू होते. कुणी म्हणतो, बाहेरची बाधा आहे, भगताला दाखवा. कुणी म्हणतो, करणी झाली आहे, उतारा टाका. आणि ज्याने दीक्षा घेतली आहे, ज्याच्या घरात तथागताची व बाबासाहेबांची तसबीर आहे, असा एखादा जाणता माणूस म्हणतो, "आपण बौद्ध आहोत, भगत-मांत्रिक आपल्याला चालत नाही. त्याला विहारात आणा, ध्यानाला बसवा, सगळे ठीक होईल." डॉक्टरचे नाव शेवटी निघते, आणि ते निघेपर्यंत वर्ष-दोन वर्षे गेलेली असतात.

पहिले दोन सल्ले चुकीचे आहेत, हे आपणांस वेगळे सांगायला नको. परंतु तिसरा सल्लाही अपुरा आहे, आणि प्रसंगी घातक आहे, हे मात्र सांगायला हवे. अलीकडे 'मानसोपचारात अध्यात्माचे स्थान' या विषयावर सर्वत्र बोलले जाते, लिहिले जाते. त्या चर्चेत बौद्ध माणसाने कोणती भूमिका घ्यावी? धम्म मनोरुग्णाला काय देऊ शकतो आणि काय देऊ शकत नाही? या पाठात आपण एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

१. 'अध्यात्म' हा शब्द तपासून घ्यावा

कोणताही शब्द स्वीकारण्यापूर्वी त्याच्या पोटात काय आहे ते पाहावे, ही सवय बाबासाहेबांनी आपल्याला लावली. 'अध्यात्म' या शब्दाच्या पोटात 'आत्मा' आहे. देहाहून वेगळा, न मरणारा, न बदलणारा असा काही पदार्थ माणसात असतो, आणि त्याची ओळख पटली म्हणजे सर्व दुःख सरते, असे अध्यात्मवादी मानतात. तथागताने हा आत्मा नाकारला. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या नकाराला मध्यवर्ती स्थान दिले आहे.

तेव्हा आत्म्याच्या शोधाने मनाचा आजार बरा होतो, असे कुणी म्हणत असेल, तर ते आपल्याला मान्य होण्यासारखे नाही. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पाश्चात्त्य देशांतील मानसोपचारतज्ज्ञ या विषयावर बोलतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा आत्मा नसतो. आपल्या जगण्याला काही अर्थ आहे अशी माणसाची जाणीव, संकटात धीर देणारी मूल्ये, आपल्यासोबत उभा राहणारा समुदाय आणि मनाला स्थिर करणारा अभ्यास, या चार गोष्टी त्यांना अभिप्रेत असतात. या चारही गोष्टी धम्मात आहेत, आणि त्यांच्यासाठी आत्म्याची किंवा ईश्वराची गरज पडत नाही.

मानसोपचाराच्या इतिहासातही या प्रश्नावर मोठा वाद झालेला आहे. मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ साली लिहिलेल्या ग्रंथात ईश्वरावरील श्रद्धा हा मानवजातीचा भ्रम ठरविला. रक्षण करणारा पिता हवा, या लहान मुलाच्या गरजेतून ईश्वर जन्माला येतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९५७ साली मेक्सिकोतील कुएर्नावाका या गावी एरिक फ्रॉम या मनोविश्लेषकाने जपानी विद्वान डी. टी. सुझुकी यांना बोलावून मनोविश्लेषक व बौद्ध विचारवंत यांची परिषद घेतली. ईश्वराला पिता न मानणारा, माणसाला स्वतःच्या पायावर उभे राहायला सांगणारा एक धर्म पूर्वेकडे आहे, याची दखल मानसोपचाराला घ्यावी लागली. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखो लोकांनी हाच मार्ग स्वीकारला होता.

२. मनाचा आजार हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे

मनोरुग्णाच्या घरावर सर्वांत मोठा घाव घालते ती ही समजूत, की मागच्या जन्मी काहीतरी केले असेल, ते आता भोवते आहे. आईबाप स्वतःला दोष देतात. सोयरिकी मोडतात. रुग्णालाही वाटू लागते की आपण मुळातच पापी आहोत.

याबाबत तथागताचे मत काय होते? संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेला संवाद आहे. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले काय मत आहे, असे सीवकाने विचारले. तथागताने उत्तर दिले की काही वेदना पित्तामुळे, काही कफामुळे, काही वातामुळे, काही या तिन्हींच्या बिघाडामुळे, काही ऋतू बदलल्यामुळे, काही हयगयीच्या वागण्यामुळे, तर काही दुसऱ्याने केलेल्या आघातामुळे होतात. कर्मविपाकाचा उल्लेख या यादीत शेवटी, आठवा म्हणून येतो. सर्वच दुःख पूर्वकर्माच्या माथी मारणारे लोक जे प्रत्यक्ष दिसते व जगाने जे मानले आहे त्याच्या पलीकडे धावतात, म्हणून ते चुकतात, असे तथागताने स्पष्ट सांगितले.

या उत्तराचा आजच्या भाषेत अर्थ लावून पाहा. शरीरातील बिघाड, परिस्थिती, राहणी आणि दुसऱ्याने केलेला अन्याय, ही दुःखाची कारणे तथागताने मोजली. आजचा मानसोपचारतज्ज्ञही मेंदूतील बिघाड, आनुवंशिकता, बालपणीचे आघात, दारिद्र्य, व्यसन यांचाच शोध घेतो. पित्त-वाताची वैद्यकी आज मागे पडली, पण कारण प्रत्यक्षात शोधावे, ही दृष्टी मागे पडलेली नाही. चार आर्यसत्यांची रचनाच वैद्याच्या रीतीची आहे. आधी दुखणे ओळखावे, मग त्याचे कारण, मग ते बरे होऊ शकते ही खात्री आणि शेवटी उपाय. या रीतीत भूताला, करणीला किंवा नशिबाला जागाच उरत नाही.

३. संघाने मनोरुग्णाला कसे वागविले?

विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. ती आपल्या धम्मवर्गांत क्वचितच सांगितली जाते, म्हणून येथे थोडी विस्ताराने देत आहे.

गग्ग भिक्खूला वेड लागले होते. उपोसथाचा दिवस त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. संघकार्याला तो कधी येई, कधी येत नसे. नियमाप्रमाणे सर्व भिक्खू हजर असल्यावाचून उपोसथ होत नाही. मग काय करावे? तथागताने त्याला संघातून काढून टाकण्यास सांगितले नाही. संघाने विधिवत ठराव करून त्याला 'उन्मत्तक संमती' द्यावी, म्हणजे तो आला काय किंवा न आला काय, संघाचेही काम अडणार नाही आणि त्यालाही दोष लागणार नाही, अशी व्यवस्था करून दिली. विनयाच्या नियमांतही वेडाच्या भरात जे घडले त्याचा अपराध धरू नये, अशी सूट ठायीठायी दिलेली आहे.

गोष्ट येथे संपत नाही. गग्ग पुढे बरा झाला. तेव्हा काही भिक्खू, आजारपणात त्याने जे अनुचित वर्तन केले होते, ते उगाळून त्याला टोचू लागले. मी त्या वेळी शुद्धीवर नव्हतो, मला ते आठवत नाही, असे तो पुन्हा पुन्हा सांगे, तरी ते ऐकेनात. हे तथागताच्या कानी गेले, तेव्हा अशा बऱ्या झालेल्या माणसाला संघाने 'अमूढविनय' द्यावा, असा दंडक त्यांनी घातला. म्हणजे, हा आता शुद्धीवर आहे आणि मागचे त्याच्या खाती धरले जाणार नाही, असा संघाचा जाहीर निर्णय.

वाचकहो, आपल्या मनाला विचारा. दवाखान्यातून बरा होऊन आलेल्या माणसाला आपली वस्ती असा अमूढविनय देते काय? की त्याला जन्मभर 'येडा' म्हणूनच ओळखते?

आता या वागणुकीच्या शेजारी आपल्या देशातील एक घटना ठेवा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, एका दर्ग्याच्या परिसरात चालविलेल्या मनोरुग्णांच्या निवाऱ्याला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण जळून मेले. दर्ग्याच्या पुण्याईने बरे होतील, या आशेने नातेवाइकांनी त्यांना तेथे आणून सोडले होते. हा दोष एकाच धर्माचा आहे, असे कुणी समजू नये. अशी ठाणी या देशात सर्वच धर्मांच्या आश्रयाने चाललेली आहेत. श्रद्धा जेव्हा औषधाच्या जागी बसते, तेव्हा तिचा शेवट साखळदंडात होतो, हा त्यातला धडा.

पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला, या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला होता. भूत उतरविण्याच्या नावाखाली रुग्णाला बांधणे, मारणे, चटके देणे हा या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. संघाने जे अडीच हजार वर्षांपूर्वी करुणेने केले, ते आपल्याला एकविसाव्या शतकात कायद्याने करावे लागले.

४. तथागताची रीत

आता प्रत्यक्ष उपचाराकडे वळू. दुःखाने ज्यांचे भान हरपले होते, अशा दोन स्त्रियांच्या कथा आपणांस ठाऊक आहेत. मात्र त्या चमत्कारकथा म्हणून न ऐकता उपचाराची रीत म्हणून ऐकाव्यात.

किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरत होती. तथागताने मूल जिवंत केले नाही. ते मेले आहे, असा उपदेशही तिला लगेच केला नाही. ज्या घरात कुणी मेलेले नाही, त्या घरातून मोहरी आण, असे सांगून तिला दारोदार पाठविले. प्रत्येक दारात तिला कुणाच्या तरी मरणाची हकीकत ऐकायला मिळाली. एकटीचे दुःख सर्वांच्या दुःखाला जाऊन मिळाले, आणि सत्य तिने स्वतःच्या पायांनी चालत जाऊन गाठले. रुग्णाला निष्कर्ष सांगू नये, तो त्याचा त्याला सापडेल अशी वाट करून द्यावी, हे आजच्या समुपदेशनाचे तत्त्व यात आहे.

पटाचारेचा नवरा, दोन मुले, आईबाप आणि भाऊ थोड्याच अवधीत गेले. ती विवस्त्र फिरू लागली. लोक तिला वेडी म्हणून हाकलीत, तिच्यावर केरकचरा फेकीत. तथागताच्या सभेकडे ती आली, तेव्हा लोक तिला अडवू लागले. तथागताने त्यांना थांबविले, तिला जवळ येऊ दिले आणि 'भगिनी' म्हणून हाक मारून भानावर येण्यास सांगितले. कुणीतरी आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. आधी आदर, मग वस्त्र, मग धम्म, हा क्रम लक्षात ठेवावा. हीच पटाचारा पुढे विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत अग्रगण्य ठरली आणि शोकाने पिचलेल्या कितीतरी स्त्रियांना तिने सावरले. रुग्ण बरा होऊन स्वतः आधार देणारा होतो, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

कथांच्या जोडीला तथागताने मनाच्या अभ्यासाची पद्धतही सांगितली. तिच्यातील दोन गोष्टी येथे पाहू.

पहिली, दोन बाणांची उपमा. अज्ञानी माणसाला दुःखद वेदना झाली, की तो शोक करतो, ऊर बडवून घेतो. जणू एक बाण लागलेला असताना त्याला दुसरा बाण लागतो. शहाण्या माणसाला पहिलाच बाण लागतो. समजा, एक मुलगा स्पर्धा परीक्षेत नापास झाला. नापास होण्याचे दुःख हा पहिला बाण, आणि तो खराच आहे. परंतु 'मी नालायक आहे, आईबापांनी माझ्यासाठी रक्त आटविले ते फुकट गेले, माझे आता काहीच होणार नाही', हा विचार दुसरा बाण आहे. विचाराला विचार म्हणून ओळखणे, त्याला सत्य मानून त्याच्यामागे फरफटत न जाणे, हे स्मृतीचे काम. सतिपट्ठान सुत्तात शरीर, वेदना, चित्त आणि चित्तातील धर्म यांच्याकडे जागेपणी पाहण्याचा जो अभ्यास सांगितला आहे, तो याचसाठी.

दुसरी, मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्त. नको असलेले विचार मनात पुन्हा पुन्हा येऊ लागले तर काय करावे, याचे पाच उपाय त्यात सांगितले आहेत. एक, त्या विचाराच्या जागी चांगला विचार आणावा, जसा सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढतो. दोन, त्या विचाराचे दुष्परिणाम डोळ्यांपुढे आणावेत. तीन, त्याच्याकडे लक्ष देऊ नये, जसे नको असलेले दृश्य समोर येता माणूस डोळे मिटतो. चार, त्या विचाराचे मूळ शोधीत त्याचा वेग कमी करीत न्यावा, जसा धावणारा माणूस सावकाश चालू लागतो, मग थांबतो, मग बसतो, मग आडवा होतो. आणि यांपैकी कशानेच भागले नाही, तर पाच, दातावर दात रोवून मनाने मनाला आवरावे. श्रीलंकेचे मानसशास्त्रज्ञ पद्मल डी सिल्वा यांनी १९८४ साली लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले, की आजच्या वर्तनोपचारातील कित्येक तंत्रे या प्राचीन उपायांशी जुळतात.

५. आजच्या मानसोपचाराने काय घेतले आणि काय आढळले

१९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखणी व ताण असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा स्मृती-अभ्यास सुरू केला. पुढे झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स व जॉन टीसडेल यांनी त्याला विचारोपचाराची जोड देऊन नैराश्यातून उठलेल्या रुग्णांसाठी पद्धत बसविली. २००० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्याने गाठले होते, त्यांच्यापैकी नेहमीच्या उपचारावर राहिलेल्या ६६ टक्के रुग्णांचा आजार उलटला. हा अभ्यास केलेल्यांत तेच प्रमाण ३७ टक्के निघाले. २००४ साली ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने अशा रुग्णांसाठी या पद्धतीची शिफारस केली.

हे वाचून आपली छाती फुगेल, पण पुढचेही वाचावे. ज्यांना पूर्वी दोनच वेळा आजार झाला होता, त्यांना त्याच चाचणीत फायदा दिसला नाही. २०२२ साली ब्रिटनमधील आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. शाळेत नेहमी जे शिकविले जाते त्याहून या अभ्यासाने त्यांच्या मनःस्वास्थ्यात काही अधिक सुधारणा झाली नाही. म्हणजे हे औषधही विशिष्ट दुखण्यावर विशिष्ट माणसालाच लागू पडते. 'येऊन पाहा' म्हणणाऱ्या धम्माच्या अनुयायांनी ही परीक्षा आनंदाने स्वीकारावी. आपल्या बाजूचे तेवढे घ्यायचे आणि बाकीचे झाकायचे, हे बुवाबाजीचे लक्षण आहे.

आणखी एक गोष्ट. दवाखान्यात गेलेला हा अभ्यास अष्टांगिक मार्गातील एक अंग आहे. शील व मैत्री त्यातून बहुतेक गळून पडली. कामगाराचा ताण कमी व्हावा म्हणून कारखानदार त्याला ध्यानाला बसवील, पण त्याचे कामाचे तास कमी करणार नाही, असेही होऊ शकते. सम्यक आजीविका आणि सम्यक स्मृती एकाच मार्गावर आहेत, हे सांगण्याचे काम आपले आहे.

६. ध्यान औषधाची जागा घेत नाही

हा भाग नीट वाचा आणि घरातल्यांना वाचून दाखवा.

ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्याला मारायला टपले आहे असे सतत वाटते, ज्याचे वास्तवाचे भान सुटले आहे, त्याला एकांतात तासन्तास ध्यानाला बसविल्याने त्याचा आजार बळावू शकतो. इगतपुरीच्या परंपरेतील विपश्यना केंद्रेही, गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी शिबिरास येऊ नये, असे आपल्या नियमांतच सांगतात. तेव्हा आजार लपवून कुणाला शिबिरात पाठविणे हा त्याच्याशी केलेला घात आहे.

याला प्रत्यक्ष तिपिटकात आधार आहे. वैशाली येथे तथागताने भिक्खूंना अशुभ-भावना, म्हणजे शरीराच्या अमंगलपणाचे चिंतन सांगितले आणि ते पंधरा दिवस एकांतात गेले. परत आले तो संघ विरळ झालेला दिसला. शरीराचा वीट येऊन अनेक भिक्खूंनी जीव दिला होता. हे कळताच तथागताने उरलेल्यांना एकत्र करून आनापानस्मृतीचा, श्वासावर लक्ष ठेवण्याचा सौम्य अभ्यास शिकविला. कोणतेही ध्यान प्रत्येकाला मानवतेच असे नाही, ते न मानवल्यास बदलावे लागते, हे पिटकाने दडवून ठेवले नाही. मग आपण का दडवावे?

तसेच, डॉक्टरने दिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. तथागताने भिक्खूंना औषधे घेण्याची अनुज्ञा दिली. जीवक वैद्याचे उपचार तथागताने स्वतः घेतले. बाबासाहेबांना मधुमेहाचा व मज्जातंतूंच्या दुखण्याचा त्रास होता, आणि ते अखेरपर्यंत डॉक्टरांचे उपचार घेत राहिले. मधुमेहाची गोळी घेतल्याने कुणाचा धम्म उणा होत नाही, तसा मनाच्या आजाराची गोळी घेतल्यानेही होत नाही. आणि दारू हे मनाच्या दुखण्याचे औषध नाही. दुःख विसरण्यासाठी घेतलेला प्याला दुःखच वाढवितो. बावीस प्रतिज्ञांतील दारू न पिण्याची प्रतिज्ञा ही मनःस्वास्थ्याचीही प्रतिज्ञा आहे.

७. अन्यायाचे दुःख मनोविकार म्हणून खपवू नये

येथवर आपण रुग्णाच्या मनाचा विचार केला. परंतु प्रत्येक दुःखाचे मूळ दुःखी माणसाच्या मनात नसते. सीवकाला दिलेल्या उत्तरात दुसऱ्याने केलेला आघात हे वेगळे कारण तथागताने सांगितले होते, ते आठवा.

फ्रान्झ फॅनन हे कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ १९५३ पासून अल्जीरियातील ब्लिडा येथील मनोरुग्णालयात काम करीत होते. फ्रेंचांच्या गुलामीने माणसाला त्याच्याच देशात परका करून ठेवले असताना, त्याला त्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला शिकविणे हा उपचार होऊ शकत नाही, या निष्कर्षाला ते आले. १९५६ साली त्यांनी राजीनामा दिला आणि ते स्वातंत्र्ययुद्धात उतरले.

आपल्या देशात हा प्रश्न जातीच्या रूपाने उभा आहे. वसतिगृहात, महाविद्यालयात, कचेरीत आडनाव विचारून ज्याला बाजूला बसविले जाते, राखीव जागेवरून ज्याला टोमणे ऐकावे लागतात, त्याची झोप उडाली तर दोष कुणाच्या मनाचा? १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद येथील केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने जीवनाचा अंत केला, तेव्हा हा प्रश्न साऱ्या देशापुढे आला. अशा विद्यार्थ्याला 'तू श्वासाकडे पाहा' एवढेच सांगणे म्हणजे जखमेवर पट्टी न बांधता जखमीला उपदेश करणे होय. त्याचे म्हणणे ऐकणारा समुपदेशक हवा, आणि त्या समुपदेशकाला जातीचा अपमान म्हणजे काय हे कळायला हवे. त्याच वेळी, अपमान करणाऱ्याला जाब विचारणारी संघटनाही हवी.

म्हणून मानसोपचार आणि संघर्ष यांत आपल्याला निवड करायची नाही. जो खचला आहे त्याला आधी सावरावे लागते, कारण माणूस जगला तर लढा उभा राहतो. आणि लढा उभा राहिला, की खचलेल्या माणसाच्या मनाला उभारी येते. माणसाचे माणसाशी असलेले योग्य संबंध म्हणजे धम्म, असे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले. ज्याचे मन दुसऱ्यांच्या वागण्याने मोडले, ते दुसऱ्यांच्या वागण्यानेच सांधले जाईल. स्वतःविषयी गमावलेला आदर धर्मांतराने लाखोंना परत मिळवून दिला, तो अशाच वागण्यातून.

८. विहारांनी काय करावे?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी २०१५-१६ साली झाली. निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नाहीत, असे तिच्यात आढळले. ही दरी एकटे डॉक्टर भरून काढू शकणार नाहीत. प्रत्येक विहाराने पुढील गोष्टी कराव्यात.

एक : महिन्यातून एका वंदनेनंतर मनाच्या आजारांविषयी उघडपणे बोलावे. जवळच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना व्याख्यानास बोलवावे.

दोन : चार-पाच उपासक-उपासिकांनी रुग्णासोबत दवाखान्यात जाण्याचे व्रत घ्यावे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. पुणे येथे येरवड्याला, तसेच ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे राज्य शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. फोनवरून मोफत सल्ल्यासाठी शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहावा.

तीन : कुणी जीव द्यावासा वाटतो असे बोलला, तर त्याला रागावू नये, थट्टा करू नये, एकटे सोडू नये. त्याचे ऐकून घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरावयास सांगितले आहे.

चार : बरा होऊन आलेल्याला विहारात काम द्यावे. वंदना घेणे, ग्रंथालय सांभाळणे, मुलांचा वर्ग घेणे, जे जमेल ते. हाच आपला अमूढविनय.

पाच : श्वासाचा थोडा वेळचा अभ्यास आणि मैत्रीभावना सर्वांसाठी ठेवावी. रुग्णाने त्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने यावे.

आजारी भिक्खूला त्याच्या सोबत्यांनी मलमूत्रात पडू दिले होते, तेव्हा तथागत व आनंद यांनी स्वहस्ते त्याला धुऊन पलंगावर निजविले; आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा अर्थाचा उपदेश तथागताने केला. त्या उपदेशात शरीराचा आजारी आणि मनाचा आजारी असा भेद नाही. आपल्या शेजारच्या लोटलेल्या दारामागे असा कुणी असेल, तर आज संध्याकाळी ते दार वाजवा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आत्मा न मानता मनाचा उपचार कसा होऊ शकतो, ते आपल्या शब्दांत सांगा.

२. सीवकाच्या संवादातील कोणती कारणे आजच्या मानसोपचारात ओळखता येतात?

३. उन्मत्तक संमती व अमूढविनय यांत फरक काय? आपल्या वस्तीत त्यांचे पालन कसे करता येईल?

४. ध्यान कोणाला हितकर आणि कोणाला अहितकर ठरू शकते?

५. जातीच्या अपमानाने खचलेल्या विद्यार्थ्याला आपण प्रथम काय द्याल, आणि त्यानंतर काय?

जय भीम.